बकुळाची दाढ आणि मी

मी बाटली बोलतेय. लगेच नाक मुरडू नका, मी त्यातली नव्हे. मी औषधाची बाटली. बोटभर उंची, डोक्याला रबराचं बूच, त्यावर पत्र्याची टोपी आणि पोटात पाण्यासारखं दिसणारं औषध. दातांच्या दवाखान्यात हिरडीत टोचून तेवढीच जागा बधिर करतात ना, ते औषध माझ्या पोटात असतं. लेबलावर माझं लांबलचक नाव छापलंय, पण रत्नागिरीत मला त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. इथे सगळे मला ‘सुई’ म्हणतात. सुई दुखली काय, सुई चढली काय, सुईने तोंड वाकडं झालं काय. अहो, टोचते ती सुई, आणि बोल मात्र मला. चालायचंच.

जन्म माझा लांबच्या एका कारखान्यात. कडक वाफेत न्हाऊन, दिव्यासमोर धरून, तपासून मला खोक्यात बसवली. मग ट्रकचा प्रवास. आंबा घाटाची वळणं उतरताना आम्ही बहिणी एकमेकींवर अशा काही आपटत होतो की आमचा रत्नागिरीला नुसता चुरा पोचणार असं वाटलं. पण पोचलो. खोक्यातून थेट डॉक्टर संध्याच्या दवाखान्यात, बाजारामागच्या आळीत, पहिल्या मजल्यावर.

तिथे मथुरा होती. मथुरा म्हणजे डॉक्टरांची मदतनीस, राहायला मांडवीला. तिने मला कपाटात आत, अंधारात ठेवलं, कारण ऊन आणि उजेड मला सोसत नाही. कपाटाच्या फटीतून खुर्ची दिसायची. वारा फिरला की खिडकीतून सुक्या मासळीचा वास यायचा. मी मजेत होते.

माझं काम तसं साधं आहे. दुखतंय ही बातमी नसांमधून मेंदूकडे निघते, तिला मी वाटेत थोडा वेळ अडवून धरते. माझ्यात जोडीला अगदी थेंबभर दुसरं एक औषध आहे. त्याने रक्त कमी वाहतं आणि मी जागेवर जास्त वेळ टिकते. पण त्या थेंबाने कधीकधी काळजात धडधडतं. थोड्या वेळाने ते आपोआप बसतं. आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही. न सांगता झालं तर त्याला वाटतं, आटोपला कारभार.

माझं सील फुटलं ते एका सोमवारी, बकुळासाठी.

बकुळा म्हणजे मांडवीची मासे विकणारी बाई. साठीला टेकलेली, हातात हिरवा चुडा, बोलायला लागली की जिन्यापर्यंत ऐकू जाणार. बाजारात तिची बसायची जागा ठरलेली. सौंदाळे, बांगडे, कोळंबी, जे मिळेल ते पाटीत घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाला पत्ता विचारावा तसा घरचा सगळा हालहवाल विचारायची. त्या दिवशी मात्र ती गाल धरून आली. खालची दाढ किडून पार पोकळ झालेली, मुळाशी पू, गालाला सूज.

डॉक्टर संध्या भली बाई, पण त्या दिवशी बाहेर पेशंट ताटकळले होते. तोंडावर मास्क बांधता बांधता तिने विचारलं, “मावशी, खाऊन आलात ना?”

बकुळाने मान हलवली.

“काही आजार? रोजच्या गोळ्या?”

“काय नाय गो बाय. तू काढ ती दाढ एकदाची.”

मथुराने माझ्या लेबलावर त्या दिवसाची तारीख लिहिली. सील फुटल्यापासून चार आठवडे माझी मुदत, मग उरलेलं औषध टाकायचं. तारीख लिहिलीच नाही तर माझं वय कोणाला कळणार? मला वाटलं, छान सुरुवात झाली. चांगल्या माणसाच्या कामी आपण पहिल्यांदा येतोय.

डॉक्टरांनी औषध टोचलं. पुरतं आत गेलंही नव्हतं, तोच बकुळाच्या काळजात धडधड सुरू झाली. तिने खुर्चीचा हात गच्च धरला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले आणि मान एका बाजूला कलली.

मी ट्रेवर पडून बघत होते.

डॉक्टरांनी सुई बाजूला टाकली, खुर्ची पूर्ण आडवी केली, मथुराने पाय वर उचलून धरले. नाडी मंद होती, पण श्वास नीट चालू होता. अंगावर पुरळ नाही, ओठ-डोळ्यांना सूज नाही. थोड्याच वेळात बकुळाने डोळे उघडले. पहिलं वाक्य काय बोलली असेल?

“ह्यांची पेज झाकलीय काय नीट? मांजर तोंड घालील.”

त्या क्षणी माझा तिच्यावर जीव जडला, खरं सांगते.

डॉक्टर समजावत होती की ही नुसती चक्कर दिसते, दाढ काढावीच लागेल, नाहीतर पू पसरेल. बकुळाने त्यातलं काही ऐकलं नाही. सुजेवरच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि मथुराचा हात धरून जिना उतरली.

त्यानंतर रोज सकाळी मथुरा मांडवीच्या बातम्या घेऊन यायची. बकुळा आळीभर सांगत होती, सुई मला उलटली, मी मरून परत आले. बकुळाच्या सांगण्याला बाजारात वजन. तिची शेजारीण चिमा दात काढायला येणार होती, ती आलीच नाही. आणखी दोघी बाया आलेल्या अर्ध्या जिन्यातून परत गेल्या.

“आणि बकुळामावशी स्वतः?” डॉक्टरांनी विचारलं.

“मिश्री लावतायत. लवंगा कोंबतायत. दुखायच्या गोळ्या तर चण्यासारख्या खातायत,” मथुरा म्हणाली. “सुजेवरच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या. आता सूज परत आलीय, हनुवटीखाली सरकलीय.”

डॉक्टर हातातलं काम टाकून उभी राहिली. सूज हनुवटीखाली गेली की ती गळ्याकडे उतरू शकते. गळ्याकडे उतरली की श्वास अडतो. एका किडक्या दाढेपायी धडधाकट बाई जाऊ शकते. डॉक्टरांनी दोनदा फोन लावला, बकुळाने उचलला नाही. उचलून काय ऐकणार होती, माझंच नाव ना?

मी कपाटात बसून झुरत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना मी बधिर करत होते, त्यांच्या दाढा निघत होत्या, माणसं वाकड्या तोंडाने हसत जिना उतरत होती. पण ज्या बाईसाठी माझं सील फुटलं, ती मला घाबरून तिकडे तडफडत होती.

आणि मग एका दुपारी मोरू आला. मोरू बकुळाचा नवरा. जन्मभर मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या होता, आता गुडघे गेले म्हणून घरी. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“बाय, सुईबिगर दाढ काढता येत नाय काय?”

“बसा काका. काढता येईल, पण ते कोणाला सोसायचं नाही.”

“मग पुरती झोपवून?”

“मोठ्या रुग्णालयात तसं करता येतं. पण त्या औषधांनाही त्यांचे धोके असतात. आणि मला आधी कळायला हवं की त्या दिवशी झालं काय. मावशी काय खाऊन आल्या होत्या?”

मोरूने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने समुद्र कुठल्या बाजूला आहे असं विचारलं.

“सोमवार व्हता ना.”

“म्हणजे?”

“सोमवारी ती काय खात नाय. सकाळी कोरा चा. दिवा लागला की शंकराला निवेद दाखवून जेवायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून.”

डॉक्टर म्हणाली, “पण मी विचारलं होतं. मावशींनी मान हलवली.”

“हलवणारच. नाय म्हटलं तर तुमी परत पाठवणार. मग ती येनार कधी? बाकीचे दिवस बाजार. सोमवारी मासे कोन घेतंय? तेवढाच दिवस ती मोकळी.”

ऐकलंत ना? मासे खपत नाहीत म्हणून सोमवार मोकळा, आणि सोमवार म्हणून उपास. जो दिवस दवाखान्याला सोयीचा, त्याच दिवशी पोट रिकामं. त्यात रात्रभर ठणक्याने झोप नाही आणि सुईची भीती. मांडवीच्या अर्ध्या बाया दवाखान्यात सोमवारीच येतात, आणि हे आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“काका, मावशींना प्रेशर आहे?”

“हाय ना. गोळी हाय रोजची.”

“त्या दिवशी घेतली होती?”

“जेवल्यावर घ्यायची गोळी ती,” मोरू समजावून सांगावं तसं म्हणाला. “सोमवारी दुपारचं जेवनच नाय, तर गोळी कसली? तिनं सांगितलंन नाय तुमाला?”

डॉक्टर स्टुलावर बसली. “मी नीट विचारलंच नाही, काका. मास्क बांधता बांधता विचारलं. चुकलं माझं.” मग तिने मोरूला सांगितलं की उद्या दुपारी घेऊन या. बाजार आटपल्यावर, जेवून, गोळी घेऊन. सूज आणखी वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर उद्याची वाट बघायची नाही, तडक मोठ्या रुग्णालयात जायचं.

“त्या दाढेनं ती जेवनार काय?”

“पेज द्या ना करून.”

“कोन, मी?”

“मग कोण, मी येऊ?”

मोरूने टोपी डोक्यावर चढवली आणि गेला. त्याने बकुळाला काय सांगून मनवलं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात तिचा आवाज आला आणि मला बुचापर्यंत भरून आलं.

गालाला पदर गुंडाळलेला, डोळे लाल. खुर्चीत बसली नाही. दाराजवळच्या बाकावर बसून म्हणाली, “बाय, मला ती सुई चालत नाय. मी बघितलंय मरण.”

डॉक्टर मास्क काढून तिच्यासमोर स्टुलावर बसली. “मावशी, काय काय झालं ते सांगा. अंगावर गांधी उठल्या होत्या? खाज? ओठ सुजले, गळा आवळला?”

“नाय.”

“कानात घंटेसारखं वाजलं? तोंडाला लोखंडाची चव आली? जिभेला मुंग्या आल्या, हातपाय झटकले?”

“तसं काय नाय. डोळ्यांपुढे काळोख आला. घाम सुटला. आनि छातीत नुसतं ढोल.”

“गांधी, सूज, गळा आवळणं हे झालं असतं तर ती खरी ॲलर्जी. या औषधाची अगदी क्वचित कोणाला असते, पण असते. कानात वाजणं, लोखंडाची चव, हातपाय झटकणं हे औषध जास्त गेलं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर होतं. ते वाढलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून मी मोजून देते, सावकाश देते, आणि आधी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघते. तुम्हाला यातलं काही झालं नाही. तुम्ही उपाशी होतात, जागलेल्या होतात, घाबरलेल्या होतात. छातीतले ढोल त्या औषधातल्या एका थेंबाचे. औषध निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही, मावशी. पण तुम्ही मला खरं सांगितलंत तर मी ते सांभाळून देऊ शकते.”

माझ्याबद्दल एवढं सगळं उघड बोलल्यावर मला थोडं लागलं. झटके काय, हृदय काय. पण खोटं काय होतं त्यात? मी गुणाची आहे, पण मोजक्या मापातच. माझी चुलत भावंडं, ती बधिर करणारी मलमं, लोक कोणाला न विचारता दुकानातून आणतात, मन मानेल तेवढी थापतात, वर प्लास्टिक गुंडाळतात, दात येणाऱ्या तान्ह्या पोरांच्या हिरड्यांना चोळतात. ती भावंडंसुद्धा नुसतं पाणी नाहीत, त्यांनीही पोरं अत्यवस्थ होतात.

बकुळा बांगड्यांशी खेळत हळूच म्हणाली, “मराया मी भीत नाय गो. पण ह्यांना साधा चा करता येत नाय. मी गेले तर हा मानूस काय खाईल?”

“पेज केली की आज,” मोरू बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला.

“करपलेली.”

“खाल्लीस ना पन?”

“खाल्ली,” बकुळा म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, “आनि गोळी पन घेतली. बघ बाय प्रेशर.”

डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, सूज चाचपली, तोंड किती उघडतं ते पाहिलं. “आणखी दोन दिवस गेले असते तर तुम्हाला इथे ठेवलं नसतं, मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं,” म्हणाली. मग मथुराने मला बाहेर काढलं.

या वेळी बकुळाला आधीच आडवं केलं होतं. सिरिंज भरल्यावर डॉक्टरांनी ती मुठीत धरून ठेवली, औषधाला हाताची ऊब येईपर्यंत. “आता छातीत थोडं धडधडेल. काही वेगळं वाटलं तर हात वर करा, मी थांबेन.” मागे ओढून बघितलं, रक्त नव्हतं. मग थेंब थेंब.

बकुळाचा हात वर गेला.

डॉक्टर थांबली. मथुरा थांबली. मोरू बाकावरून उठला. मला वाटलं, संपलं, आता ही बाई पुन्हा या खुर्चीत बसायची नाही.

“धडधडतंय,” बकुळा तोंड न मिटता कशीबशी म्हणाली.

“तेच हे. सांगितलं होतं ते. थांबू या आपण.”

खाली आळीत रिक्षा जात-येत होत्या. मोरूने येऊन बायकोचं पाऊल हातात धरलं. चारचौघांत त्याने असं कधी केलं नसावं, कारण त्याने दुसरीकडे बघत धरलं होतं. बकुळाचा श्वास हळूहळू सावरला.

“गेलं,” ती म्हणाली. “दे उरलेलं.”

पू असतो तिथे माझा जोर कमी पडतो, म्हणून आणखी थोडं औषध लागलं. तेही डॉक्टरांनी आधीचं किती गेलं ते मोजूनच दिलं. मग दाढ निघाली. बकुळाला कळलंसुद्धा नाही. ती विचारत होती, सुरू कधी करणार?

मग आरसा मागितला. ओठ जागेवर आहे हे बघून तिला पटेना. “माजा व्हट गेलाय बाय, फुगलाय पाटीएवढा.” डॉक्टरांनी सांगितलं, बधिरपणा उतरेस्तोवर गरम चहा नको, भाजेल तरी कळणार नाही. ओठ, गाल चघळायचा नाही. आणि आज मासा नको.

“मासा नको?” बकुळाचा आवाज परत आला. “दात नव्हते तेव्हापासून मी काटे जिभेनं काढते.”

“आज ती जीभ झोपलीय, मावशी. काटा रुतला तरी सांगणार नाही.”

बकुळा तणतणत उठली. दारात पोचल्यावर परत फिरली आणि ट्रेवर पडलेल्या माझ्याकडे बोट केलं. “हीच काय गो ती?” मथुरा हो म्हणाली. बकुळाने मला निरखून बघितलं. “एवढुशी तर हाय,” म्हणाली आणि गेली. एवढ्यानेच माझं पोट भरलं.

सूज उतरली. गोळ्या या वेळी तिने शेवटपर्यंत घेतल्या, मोरू समोर बसून घ्यायला लावायचा, असं मथुरा सांगत होती.

आणि आज सोमवार. माझ्या लेबलावरच्या तारखेप्रमाणे माझा शेवटचा दिवस. सकाळी जिन्यात तो ओळखीचा आवाज आला. बकुळा चिमाला दंडाला धरून घेऊन आली होती. चिमा, ती मागे न आलेली शेजारीण. गाल तिचाही सुजलेला, चेहरा उतरलेला.

डॉक्टर हात धूत होती. मास्क अजून बांधला नव्हता. ती विचारणार, त्याच्या आधी बकुळानेच बाकावर बसवून विचारलं, “काय खाल्लंस?”

चिमाने मान हलवली. “खाल्लंय गो.”

“मान नको हलवू. ती मान मी पन हलवलीवती. आज वार काय?”

चिमा खाली बघायला लागली. बकुळाने मांडीवरची पिशवी उघडली. त्यात उकडलेली रताळी होती, दोन केळी आणि स्टीलच्या डब्यात दूध. “शंकराला चालतं हे. पोटाला पन चालतं. खा.”

“सुईचं भ्या वाटतं गो.”

“मला नाय वाटलं? खा आधी. गोळी आनलीस काय साखरेची?”

“ती जेवल्यावर…”

“डॉक्टरीणबाय,” बकुळाने तिथूनच हाक मारली, “रताळं खाल्लं म्हणजे जेवली, काय? गोळी देऊ काय हिला?”

डॉक्टर ओले हात तसेच घेऊन बाहेर आली. “थांबा, आधी साखर तपासते, मग सांगते. कुठली गोळी आहे तीही दाखवा.” आणि बाकावर त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसली. बाहेर पेशंट ताटकळले होते. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चिमाची साखर ठीक निघाली. तिच्यासाठी जेवढं हवं तेवढं औषध माझ्यातून काढून झालंय. तळाशी थोडं उरलंय, ते आता कोणाला द्यायचं नाही. संध्याकाळी मथुरा मला काचेचा कचरा टाकायच्या निळ्या डब्यात टाकील. मला त्याचं वाईट वाटत नाही. मुदत संपल्यावर कोणाच्या अंगात शिरायची माझी हौस नाही.

तुम्ही कधी या खुर्चीत बसाल तर डॉक्टरांना सगळं सांगा. काय खाल्लं, कुठल्या गोळ्या घेता, कुठली चुकवली, मागे कधी काय झालं होतं. लाजू नका, घाई असली तरी सांगा. तिथे मी मुकी असते, मला विचारता येत नाही.

कपाटात माझ्या जागी नवी बाटली येऊन बसलीय. सील अजून तसंच, भेदरलेली आहे बिचारी. तिला मी सांगून ठेवलंय, सोमवारी जिन्यात मोठा आवाज आला तर घाबरू नकोस. ती बकुळा असते. ती आधी पोटाचं विचारते.